अनुकंपेवरचे दोघे

आमच्या मुख्याध्यापकांनी आयुष्यात एकदाच खर्रा खाल्ला, आणि तोही शाळेच्या शिपायाला मेमो द्यायचा होता म्हणून.

शिपाई शाळेच्या आवारात खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खातो अशी पालकांची तक्रार होती आणि ती खरी होती. त्याचा डावा गाल कायम फुगलेला असायचा आणि कुणी काही विचारलं की तो आभाळाकडं तोंड करून उत्तर द्यायचा. मी शाळेचा लिपिक, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत बाबू. मेमोचा मसुदा करून मी सरांपुढं ठेवला. सरांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सही न करताच उठून कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर गेले. ठेलेवाल्याला वाटलं, शाळेजवळ तंबाखू विकतो म्हणून धाड पडली. तो फळकूट ओढून घ्यायला लागला. सरांनी एक खर्रा घोटून मागितला, तिथंच तोंडात टाकला आणि परिपाठाला येऊन उभे राहिले. राष्ट्रगीत त्यांनी कसंबसं निभावलं. प्रतिज्ञेच्या मध्यावर मात्र व्हरांड्याचा खांब धरून ते हळूहळू खाली बसले. शिपायानंच त्यांना उचलून आत आणलं, लिंबूपाणी पाजलं आणि ओला टॉवेल डोक्यावर ठेवून तो दिवसभर पायाशी बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मेमो नव्यानं सांगितला. त्यात त्यांनी एक वाक्य घातलं, ते माझ्याकडच्या फाईलला अजून आहे. ‘सदर पदार्थ निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः सेवन करून पाहिला असून, चक्कर येऊनही संध्याकाळी त्याची पुन्हा आठवण झाली, सबब त्यापासून दूर राहणे अवघड आहे, तरी कर्मचाऱ्याने प्रयत्न करावा.’ शिपायानं मेमो वाचला आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. खर्रा काही सुटला नाही, पण त्या दिवसापासून तो खायला आवाराबाहेर जाऊ लागला.

ही सरांची रीतच होती. दुसऱ्याला ज्या गोष्टीसाठी बोलायचं, तिचा मोह आधी आपल्याला होतो का ते पाहायचं. उशिरा येणाऱ्या शिक्षकांना समज द्यायची होती तेव्हा ते डिसेंबरातल्या एका सकाळी मुद्दाम अंथरुणात पडून राहिले आणि शाळेत साडेअकराला उगवले. मस्टरवर स्वतःच्या नावापुढं त्यांनी लाल शेरा मारला आणि त्याखाली लिहिलं, ‘थंडी होती.’ त्यानंतर महिनाभर उशिरा येणारा प्रत्येकजण तेच कारण सांगायचा आणि सर मान हलवून म्हणायचे, "होती खरी."

सर ख्रिस्ती होते, आजोबांपासूनचे. आमची शाळाही एके काळी मिशननं काढलेली, पण आता सगळ्या स्टाफमध्ये ख्रिस्ती ते एकटेच उरले होते. बाभूळगाव तालुक्यातल्या त्या गावात रविवारची उपासना त्यांच्याच घरी व्हायची, तीन घरची माणसं आणि एक पेटी. मी बौद्ध, त्यामुळं मला त्यांच्या धर्मातलं फार कळायचं नाही. त्यांनीही कधी समजवायचा आग्रह धरला नाही. एकदा मात्र, आवक-जावक रजिस्टर तपासताना, त्यांनी मला त्यांचा देव सांगितला. म्हणाले, "मंत्रालयात बसून जीआर काढणारा देव नाही आमचा. तो खाली आला, इथंच मुक्कामी राह्यला. त्याले भूक लागली, मोह झाला, रडूबी आलं. सगळं पाहून गेला आणि मंग न्यायाले बसला. म्हणून त्याच्याकडे अर्ज घेऊन जायची भीती वाटत नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "त्याच्यात-माझ्यात एकच अंतर हाये. त्याले मोह झाला तरी तो पडला नाही. मी पडतोच."

पडायचे हे खरं. ईस्टरच्या आधी त्यांचे चाळीस दिवसांचे उपास असत. त्या दिवसांत ते आलूबोंडा, म्हणजे बटाटेवडा, सोडायचे. एरवी रोज दोन लागायचे, तेव्हा त्याग मोठाच. पण नुसतं सोडून त्यांचं समाधान होईना. मोहाकडं पाठ फिरवली तर त्याचं वजन कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रोज चार वाजता ते स्टँडवरच्या हॉटेलात जायचे, एक प्लेट मागवायचे, समोर ठेवून अर्धा तास बघत बसायचे आणि उठून यायचे. हॉटेलवाल्याची पंचाईत. प्लेट परत कढईत टाकता येईना, दुसऱ्याला देता येईना. तो बोंडे गाईला घालायचा. तिसऱ्या आठवड्यात गाय चार वाजता हॉटेलसमोर येऊन उभी राहू लागली. सर म्हणायचे, मी सोडलं आणि तिला लावलं, हे पाप कोणाच्या खात्यावर.

चौतिसाव्या दिवशी त्यांनी खाल्ला. एक खाल्ला, मग दुसराही खाल्ला, आणि मग तिथंच टेबलावर डोकं टेकून बसले. त्यांचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, नागपूरला गेलेले, घरी बायकोला सांगायची हिंमत नाही. शेवटी त्यांनी हॉटेलवाल्यालाच गल्ल्यावरून बोलावलं आणि सगळं कबूल केलं, म्हणजे उपासाचं, देवाला दिलेल्या शब्दाचं. हॉटेलवाला हनुमानाचा भक्त. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गरम होता ना सर. मानूस काय करन."

सर त्यानंतर कितीतरी दिवस ते वाक्य सांगत फिरले. देवाच्या दयेवर आपण जन्मभर प्रवचनं ऐकली पण असं कुणी सांगितलं नाही, असं ते म्हणायचे. रविवारी त्यांनी ते उपासनेतही सांगितलं म्हणे. आता सर नाहीत. ते गेले त्या दिवशी हॉटेलवाल्यानं दुकान उघडलं नाही, आणि गाय मात्र चार वाजता येऊन गेली.

परीक्षेचं तर विचारूच नका. ख्रिस्ती लोकांच्या रोजच्या प्रार्थनेत, आम्हाला परीक्षेत आणू नकोस, अशा अर्थाचं एक मागणं आहे. तिथं परीक्षा म्हणजे मोह, कसोटी. पण सर परिपाठात ती प्रार्थना म्हणायचे आणि समोर दहावीचा वर्ग असायचा. बौद्ध, कुणबी, बंजारा, सगळी पोरं बाकीच्या ओळी पुटपुटायची आणि त्या एका ओळीला असा आवाज लावायची की पलीकडच्या कापसाच्या जिनिंगमधली माणसं बाहेर येऊन बघायची. सरांनी दर वर्षी अर्थ समजावून सांगितला. पोरांना तो आधीच कळला होता.

मग कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली. बातमी आली त्या दिवशी तीन पालक सरांच्या फाटकाबाहेर मास्क लावून पेढे घेऊन उभे. सर घाबरून आत गेले आणि खिडकीतून ओरडून सांगू लागले की यात माझा काही हात नाही. पालक म्हणाले, ते आम्हाला ठाऊक आहे, हात वरच्याचा, पण अर्ज तुमचा होता. सरांनी पेढे घेतले नाहीत. पेढे फाटकावर ठेवून लोक गेले. तासाभरानं सरांनी ते घेतले, कारण मुंग्या लागत होत्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

आता माझं सांगतो. माझे वडील याच शाळेत बाबू होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. याला सरकारी भाषेत अनुकंपा तत्त्व म्हणतात. मला त्या शब्दाची फार लाज वाटायची. कुणी विचारलं कसा लागलास, तर मी विषय बदलायचो. सरांना तो शब्द मात्र अतोनात आवडायचा. रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझी ऑर्डर दोनदा वाचली, तोंडातल्या तोंडात चाखत वाचली, आणि म्हणाले, "अनुकंपेवर लागला म्हणून मान खाली नको घालू बाबू. मीबी अनुकंपेवरचाच हाये. तुझी ऑर्डर जिल्ह्याहून आली, माझी वरून."

पण जिल्ह्याच्या अनुकंपेला अट होती. दोन वर्षांत मराठी टंकलेखनाची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द, नाहीतर नोकरी गेली. घरात मी आणि आई. आईचे गुडघे गेलेले, शेती नाही. मी दोनदा बसलो आणि दोनदा नापास झालो. घरी एकटा असलो की बोटं बरी चालायची. परीक्षेत कुणी ‘सुरू करा’ म्हटलं की दहाही बोटं एकमेकांना ओळखेनाशी व्हायची. मुदत संपायला दोन महिने उरले तेव्हा यवतमाळच्या एका माणसाबद्दल मला कळलं. मी गेलो, पैसे दिले, आणि प्रमाणपत्र घेऊन आलो. हे लिहितानाही मान वर होत नाही, पण केलं ते केलं.

प्रमाणपत्र सरांपुढं ठेवलं. सरांनी ते हातात घेतलं, आणि त्यांची नजर शिक्क्यावर थांबली. शिक्का गोल होता आणि त्यावर लिहिलं होतं, ‘शासणमाण्य टंकलेखण संस्था, यवतमाळ’.

इथं थोडं समजून घ्या. सर मराठी शिकवायचे. बोलायचे अस्सल वऱ्हाडी, मले-तुले, काहून-कायले सगळं. पण ण मात्र ठणठणीत. आमच्याकडं पाण्याला पानी म्हणतात, लोण्याला लोनी. सरांनी तीस वर्षं त्या एका अक्षरापायी पोरांचे कान धरले. आणि त्यातून एक नवाच रोग निघाला. मार खाऊन खाऊन काही पोरं इतकी धास्तावली की न दिसला की ण लिहायची, न जाणो चूक झाली तर. असे विद्यार्थी पंचक्रोशीत फक्त सरांच्या हातचेच असत.

सर शिक्क्याकडं बघत राहिले. "हा माझा पोरगा हाये," एवढंच म्हणाले. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मला वाटलं माझ्याबद्दलच बोलताहेत. सरांनी दुसऱ्या दिवशीची किरकोळ रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं यवतमाळला गेले.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. सर पोलिसांत गेले असणार, शिक्षण खात्यात गेले असणार, संध्याकाळी जीप येणार. आईला काय सांगायचं ते मी मनात लिहीत होतो. तिनं मला बुद्धवंदनेत पंचशील शिकवलं होतं आणि मी त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, मोडून आलो होतो.

सर शाळा सुटायच्या वेळी आले. ऑफिसचं दार लोटून घेतलं आणि पिशवीतून एक लॅमिनेशन केलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी वाचला. सरांचं पूर्ण नाव, त्याखाली मराठी टंकलेखण, वेग चाळीस, प्रथम श्रेणी. शिक्का तोच.

"माझ्यापेक्षा दहानं जास्त," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तो साठ देऊन राह्यला होता," सर म्हणाले. "मीच म्हटलं, कोणाचा विश्वास बसणार नाही."

ते खुर्चीत बसले. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला होता. सरांना दारात पाहून त्यानं पाया पडून खुर्ची दिली, चहा मागवला, आणि सरांनी तोंड उघडायच्या आत, सर आपल्या दुकानात कशाला आले असतील ते स्वतःच ठरवून, त्यांचं प्रमाणपत्र छापायला घेतलं. पैसे घेतले नाहीत. गुरुदक्षिणा म्हणाला.

"मी त्याले रागवायले गेलतो," सर म्हणाले. "आणि त्यानं माझं नाव छापून हाती देलं, तं मले आवडलं बाबू. एसटीत तीनदा काढून पाह्यलं. बाजूच्या बाईलेबी दाखवलं. बाभूळगाव येईपर्यंत मले असं वाटून राह्यलं, का मले खरंच टायपिंग येते." त्यांनी चष्मा काढला. "आता तुले कोणत्या तोंडानं बोलू?"

रागाला माझ्याकडं उत्तर तयार होतं. आईचे गुडघे, वडलांची जागा, दोनदा बसलो, सगळं पाठ करून ठेवलं होतं. हा प्रश्न त्यात नव्हता. मी रडलो. वडील गेले तेव्हा रडलो नव्हतो इतका रडलो, आणि सर शेजारी बसून राहिले.

मग ते म्हणाले, "पाठवायचं का फाडायचं, तू सांग. तू म्हणला पाठवा, तं मी सही करतो, आणि पकडल्या गेलो तं दोघंबी जाऊ. तुले एकट्याले जाऊ देत नाही."

मी फाडा म्हणालो. पण लॅमिनेशन फाटेना. सरांनी ओढलं, मी ओढलं, एका बाजूनं सर आणि एका बाजूनं मी असं दोघांनी मिळून ओढलं. शेवटी शिपाई मेंदीचं कुंपण छाटायची कात्री घेऊन आला आणि त्यानं काही न विचारता दोन्ही कागदांचे बारीक तुकडे केले. सरांच्या चेहऱ्यावर तेव्हा जरा हळहळ दिसली, हे मी पाहिलं आहे.

नंतर सरांनी मुदतवाढीचा अर्ज सांगितला. त्यात लिहिलं, ‘सदर कर्मचारी दुर्बल आहे. निम्नस्वाक्षरीकारही दुर्बल असून त्यास याची खात्री पटली आहे. तरी आणखी एक संधी मिळावी.’ पंधरा दिवसांनी उत्तर आलं की, आर्थिक दुर्बल घटकात मोडत असल्याबाबत तहसीलदारांचा दाखला जोडावा. मी त्या दाखल्याच्या प्रवर्गात बसत नव्हतो आणि सर त्या उत्पन्नात. तरी सर तहसीलमध्ये गेले आणि तासभर तिथल्या बाबूला समजावत बसले की दुर्बलता पैशाचीच असते असं नाही. बाबूनं त्यांना दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, तिथून अपंगांच्या खिडकीवर, तिथून सेतू केंद्रात. दाखला मिळालाच नाही. पण खात्याला कुणी काय कळवलं कोण जाणे, एक दिवस ‘विशेष बाब म्हणून’ सहा महिन्यांची मुदत आली. शेवटची.

त्या यवतमाळच्या दुकानदाराचं काय केलं, असं लोक विचारतात. सर महिनाभर दर रविवारी उपासना आटोपून त्याच्याकडं न आणि ण शिकवायला जात होते. दोष आपल्या शिकवण्यात आहे अशी त्यांची समजूत. अर्धा अभ्यास झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हा शुद्ध लिहायला लागला तर याचे शिक्के कुणालाच ओळखू येणार नाहीत. तेव्हा त्यांनी शिकवणं थांबवलं आणि दुकानात नुसतं जाऊन बसायला लागले. रविवारी सर समोर बसलेले, गिऱ्हाईक आत यायला लाजायचं. दुकानदारानं कंटाळून पुढं झेरॉक्स मशीन घेतलं.

आणि सरांनी माझ्याबरोबर टायपिंगचा फॉर्म भरला. मी हसलो. ते पुढच्या एप्रिलअखेर रिटायर होणार होते. टायपिंगचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. पण ते ऐकेनात. रोज शाळा सुटली की माझ्या गाडीवर मागं बसून बाभूळगावला टायपिंगच्या क्लासला यायचे, विशीतल्या पोरापोरींमध्ये बसायचे आणि एका बोटानं अक्षर शोधायचे. सहा महिन्यांत त्यांचा वेग मिनिटाला सात शब्दांवर गेला. सात झाले त्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला चहा पाजला.

परीक्षेला आम्हाला शेजारशेजारचे कॉम्प्युटर आले. सर पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते, ख्रिसमसला घालायचे तो. पर्यवेक्षक ‘सुरू करा’ म्हणाला आणि माझी बोटं नेहमीसारखी गोठली. पडद्यावर उतारा होता, हात कळफलकावर होते, आणि काही होत नव्हतं. घाम कानामागून खाली आला. आईचा चेहरा दिसायला लागला.

तेवढ्यात बाजूनं आवाज आला, टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. सर नाक कळफलकाला लावून कुठलं तरी अक्षर शोधत होते. मागच्या बाकावरची दोन पोरं त्यांच्याकडं बघून हसत होती. सरांना ते कळत होतं, त्यांचे कान लाल झाले होते. ते नापास होणार होते हे त्यांना फॉर्म भरतानाच माहीत होतं. मी इथं एकटा बसू नये, एवढ्यासाठी हा माणूस चारचौघांत आपली शोभा करून घ्यायला आला होता. सहा महिने मी त्यांना गाडीवर मागं घेऊन हिंडलो आणि हे मला तेव्हा कळलं. माझा डावा हात हलला. मग उजवा.

निकाल शाळेत आला तेव्हा सरांचे नोकरीचे अकरा दिवस उरले होते. मी दोन शब्दांनी पास झालो होतो. शिपायानं घंटा वाजवली, ती वेळेची नव्हती तरी सगळे वर्ग सुटले. सरांनी कुणाला रागवलं नाही. ते माझ्या टेबलापाशी आले, उभ्या-उभ्याच म्हणाले की खात्याला कळवायचं पत्र आजच जाऊ दे, आणि सांगू लागले.

मी टाइप करत गेलो. ‘या कार्यालयातील दोन कर्मचारी टंकलेखन परीक्षेस बसले होते. पैकी कनिष्ठ लिपिक उत्तीर्ण झाले असून त्यांची सेवा नियमित करण्यात यावी.’ तिथं मी पूर्णविराम दिला आणि हात मागं घेतला. एवढं पुरे होतं. दुसऱ्याचं कळवायची काही गरज नव्हती.

"थांबला काहून?" सर म्हणाले. "मुख्याध्यापक अनुत्तीर्ण. लिही."

मी लिहिलं. डोळे भरून आले होते, कळफलक दिसत नव्हता, पडदाही दिसत नव्हता, आणि एकही अक्षर चुकलं नाही.